सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण: पैसा वाचतो कुठे आणि नुसता खिसा बदलतो कुठे

"ताई, आज तीनच बाळं आहेत. बीसीजीची व्हायल फोडू की उद्यावर ढकलू?"

नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या औषध भांडारात मी काही वर्षं होते. लसींच्या फ्रीजची चावी माझ्याकडे असायची, त्यामुळे प्रसूती विभागातल्या सिस्टरचा हा फोन ठरलेला. सरकारी दवाखान्यात कुठे हात आखडावा आणि कुठे आखडू नये, हा सगळा गुंता या एका प्रश्नात आहे. म्हणून आधी तोच उलगडते.

बीसीजी म्हणजे लहान मुलांना क्षयरोगाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवणारी लस. ती कोरड्या भुकटीच्या रूपात येते. सोबतचं द्रावण घालून ती पातळ करायची आणि एकदा पातळ केली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. एका व्हायलमध्ये, म्हणजे लसीच्या छोट्या बाटलीत, १० डोस असतात. म्हणजे तीन बाळांसाठी फोडली तर बरीचशी लस कचऱ्यात जाणार. न फोडावी, तर त्या तिघांतलं एक बाळ दुपारी सुरगाण्याकडच्या पाड्यावर निघालेलं असतं. त्याची आई सव्वा महिना घराबाहेर पडायची नाही. त्यात भाताच्या आवणीचे दिवस आले, नदीला पाणी आलं, की लसीकरणाचा दिवस हुकतो. एकदा हुकला की पुढचे कितीदा हुकतील कुणी सांगावं.

त्याच फ्रीजमध्ये शेजारी हिपॅटायटिस बीची व्हायल असते आणि तिचा नियम अगदी वेगळा. ती पातळच येते. उघडल्याची तारीख-वेळ लिहिली, थंडावा सांभाळला आणि व्हायलवरच्या रंगाच्या खुणेनं लस चांगली असल्याचं दाखवलं, तर उघडलेली व्हायल २८ दिवस चालते. शिवाय हा डोस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळायला हवा, कारण आईकडून बाळाकडे जाणारा संसर्ग त्याच वेळी अडवता येतो. म्हणजे इथे "उद्या बघू" म्हणायला कारणच उरत नाही. ज्याला हा फरक माहीत नाही तो एक तर हिपॅटायटिसची चांगली व्हायल रोज फेकतो, नाहीतर बीसीजी चार तासांच्या पुढे ताणतो. दुसरी चूक फार वाईट. बीसीजीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं काहीही नसतं, त्यामुळे ताणलेली लस बाळाच्या जिवावर बेतू शकते.

आम्ही शेवटी वेळ बांधून घेतली. रोज सकाळी अकरा. कालपासून जन्मलेली सगळी बाळं एकत्र, आणि ज्यांना सुट्टी मिळणार ती रांगेत पहिली. यासाठी एक रुपया लागला नाही, फक्त सुट्टीचे कागद अकराच्या आधी द्यायचे नाहीत एवढं ठरवावं लागलं. आणि एकच बाळ असेल तर? तरीही फोडायची. लसीकरण कार्यक्रमात बीसीजीची मागणी नोंदवतानाच निम्मी लस वाया जाणार असं धरलेलं असतं. तेवढी नासाडी त्या लसीच्या किमतीतच मोजलेली आहे. ती वाचवायला गेलो तर बाळ लसीवाचून राहतं.

यावरून मी स्वतःपुरती एक कसोटी बनवली. काटकसरीच्या कुठल्याही उपायाला विचारायचं, की बाई, तुझ्यामुळे खर्च खरंच संपला का, की एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला?

उदाहरण सांगते. भांडारात टाके घालायचा दोरा संपलेला असतो. सिस्टर चिठ्ठी लिहून देतात, नातेवाईक समोरच्या मेडिकलमधून छापील किमतीला तो आणतात. दवाखान्याच्या रजिस्टरात त्या महिन्यात दोऱ्याचा खर्च कमी दिसतो. प्रत्यक्षात तोच दोरा सरकारी घाऊक दरापेक्षा कितीतरी महाग पडून बाळंतिणीच्या सासऱ्यांनी विकत घेतलेला असतो. अशा चिठ्ठ्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या आहेत आणि त्यांची आठवण मला अजून सुखानं बसू देत नाही.

खरं तर ही चिठ्ठी लिहिताच येत नाही. २०११ मध्ये केंद्र सरकारने जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार सरकारी संस्थेत बाळंतपण मोफत, सिझेरियनसुद्धा. औषधं, हातमोजे, दोरा, सुया यांसारखं सगळं साहित्य, तपासण्या आणि गरज पडल्यास रक्तही मोफत. साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवण. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात आणि परत घरी सोडायला गाडी. आजारी नवजात बाळाचे उपचारही त्यात आले. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळ्याच रुग्णांसाठी उपचार मोफत झाले आणि केसपेपरचे पैसेही बंद झाले. नाशिकमध्ये इथे लोकांचा गोंधळ होतो. त्र्यंबक रोडचं सिव्हिल आणि शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय राज्य सरकारचं, तर कथड्यातलं झाकीर हुसेन आणि नाशिकरोडचं बिटको महानगरपालिकेचं. २०२३ चा निर्णय पहिल्या दोघांना लागू होतो, महापालिकेच्या दवाखान्यांना नाही.

कागद एवढा भक्कम असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशात सरकारी संस्थेतल्या एका बाळंतपणासाठी कुटुंबाच्या खिशातून सरासरी २,९१६ रुपये गेल्याचं नोंदवलं आहे. शेतमजुरी करणाऱ्या घराला ही रक्कम उसनवारीत ढकलते.

मग ही चिठ्ठी थांबवायची कशी? याचं बरंचसं उत्तर भांडारात आहे, आणि ते कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी त्याबद्दल बोलत नाही. पहिली गोष्ट मांडणीची. ज्याची मुदत आधी संपणार ते पुढे, नवा माल मागे. किराणा दुकानदार हे झोपेतही करतो. सरकारी भांडारात घाईच्या दिवशी खोकी समोरच रचली जातात आणि वर्षभरानं मागची खोकी मुदतबाह्य निघतात. दुसरी गोष्ट यादीची. भांडारातल्या शेकडो वस्तूंपैकी साधारण दहा टक्के वस्तू सत्तर टक्के पैसा खातात. त्या दहा टक्क्यांवर दर आठवड्याला नजर ठेवली तरी पुष्कळ होतं. पण किंमत हा एकच निकष लावला तर घात होतो, म्हणून दुसरी विभागणी करतात, ती म्हणजे नसेल तर जीव जाईल, नसेल तर उपचार अडेल, आणि नसेल तरी चालेल. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन पैशानं किरकोळ, पण जिवाच्या हिशेबात पहिल्या रांगेतलं. ते संपत आल्यावर मागणी नोंदवायची नसते, महिनाभराचा साठा उरलेला असतानाच नोंदवायची असते.

तामिळनाडूनं १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढून हे राज्य पातळीवर करून दाखवलं. ठरावीक यादीतली औषधं एकत्र घाऊक घ्यायची, प्रत्येक खेप तपासायची, जिल्ह्याच्या गोदामात ठेवायची आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेच्या पासबुकासारखं पुस्तक द्यायचं. त्यात त्याची रक्कम लिहिलेली, तेवढ्यात त्यानं हवं ते उचलावं. आपल्याकडे औषधखरेदी आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदीची साखळी वर कुठेही अडकली, की तालुक्याच्या गावी ती चिठ्ठी होऊन बाहेर येते.

आता थेट बाळंतपणाकडे येते. इथला सगळ्यात मोठा खर्च न केलेल्या गोष्टींमधून वाचतो, हे लोकांना पटायला जड जातं. "दवाखान्यात नेलं आणि सलाईनसुद्धा लावली नाही" ही तक्रार मी असंख्य वेळा ऐकली आहे. पण धडधाकट बाई, कळा नीट चालू, पाणी-पेज घेता येतेय, तर तिला सलाईनची गरज नसते. सरसकट योनिमार्गाला छेद देणं, एनिमा, केस काढणं या जुन्या सवयी आता जागतिक आरोग्य संघटना नको म्हणते. छेद टाळला की दोरा वाचतो, भुलीचं इंजेक्शन वाचतं, आणि बाईला आठवडाभर बसता-उठता होणाऱ्या वेदना वाचतात. या शेवटच्या गोष्टीची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

अँटिबायोटिकचं तसंच. गुंतागुंत नसलेल्या साध्या बाळंतपणात ती सरसकट द्यायची नसते. सिझेरियनमध्ये द्यायचीच, पण योग्य वेळी. चीर देण्याआधीच्या तासाभरात एक डोस. चीर पडते त्या क्षणी औषध रक्तात हजर असायला हवं, हा त्यामागचा विचार. नंतर पाच दिवस सकाळ-संध्याकाळ टोचत राहिल्यानं जादा संरक्षण मिळत नाही. हिशेब करून बघा. महिन्याला १०० सिझेरियन, प्रत्येकीला पाच दिवस रोज दोन, म्हणजे १,००० इंजेक्शनं. तेवढ्याच सिरिंजा, सुया, आणि दर वेळी सिस्टरची पाच मिनिटं धरली तर ८३ तास. त्याऐवजी १०० इंजेक्शनं. अर्थात ताप आला, जखम चिघळली, पाणमोट फुटून फार वेळ झाला, तर पूर्ण उपचार द्यायचाच. पण तो डॉक्टरांनी बाईला तपासून ठरवायचा, सवयीनं नाही.

बाळंतपणात मातेचा जीव जाण्याचं मोठं कारण रक्तस्राव. तो रोखणारं ऑक्सिटोसिन एका मिसळीच्या प्लेटपेक्षा स्वस्त आहे. बाळ बाहेर आल्याबरोबर दंडात किंवा मांडीत १० युनिट दिलं की गर्भाशय आवळतं आणि रक्त थांबतं. पण ते २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध आहे. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि इंजेक्शनचा ट्रे "हाताशी असावा" म्हणून दिवसभर टेबलावर पडून असतो. अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, तशीच दिसते, आतली ताकद उतरलेली असते. मग एकाच्या जागी तीन द्यावी लागतात, रक्त थांबत नाही, रक्ताची पिशवी लागते, गाडी लागते. प्रसूती कक्षात एक छोटा फ्रीज, त्यात थर्मामीटर आणि दिवसातून दोनदा तापमानाची नोंद, एवढ्यानं ही सगळी साखळी तुटते. त्या फ्रीजमध्ये डबे आणि दही ठेवू नये, कारण दार सारखं उघडलं जातं. हे मी किती जणांना किती वेळा सांगितलं असेल!

दुसरी साधी गोष्ट म्हणजे रक्त मोजणं. चादरीवर, कापसात, बादलीत गेलेलं रक्त नजरेला नेहमी कमी दिसतं. कमरेखाली पसरायची एक प्लास्टिकची चादर मिळते, तिला खाली पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या दोन लाखांहून जास्त बाळंतपणांचा हिशेब होता. अशी चादर वापरून रक्त मोजलं आणि धोक्याच्या रेघेला पोचताच गर्भाशयाला मालिश, ऑक्सिटोसिन, रक्त थांबायला मदत करणारं ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदम सुरू केलं, तर तीव्र रक्तस्राव आणि त्यातून उद्भवणारे अनर्थ ६० टक्क्यांनी कमी झाले. बघा, इथे सलाईन हवीच. मघाशी जी वाचवली ती इथे ओतायला.

बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी तर कॅथेटरच्या, म्हणजे लघवीसाठी घालायच्या नळीच्या, टोकाला निरोध बांधून, तो गर्भाशयात सरकवून, सलाईननं फुगवून आतून दाब द्यायची युक्ती काढली. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. महागड्या फुग्याऐवजी दवाखान्यात आधीच असलेल्या चार वस्तू. मात्र जागतिक आरोग्य संघटना अशा फुग्याला एक अट घालते. तो तिथेच वापरावा जिथे गरज पडली तर शस्त्रक्रिया आणि रक्त लगेच मिळेल. स्वस्त युक्ती रक्तपेढीच्या जागी बसवायला निघालो तर ती काटकसर राहत नाही.

आणि रक्ताची पिशवी वाचवायची खरी जागा बाळंतपणाच्या कित्येक महिने आधी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीनुसार देशातल्या ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी होत्या. लोहाच्या गोळ्या १८० दिवस मोफत मिळतात, पण त्या चहाबरोबर घेतल्या तर लोह अंगी लागत नाही आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्या तरी तेच. सकाळी चहा झाला असेल तर तासाभरानं, नाहीतर रात्री जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. आशाताईंनी पट्टी हातात देताना हे एक वाक्य सांगितलं, तर त्या पट्टीचं मोल दुप्पट होतं.

बाळाच्या बाबतीत तर फुकटचे उपाय सगळ्यात मोलाचे ठरले आहेत. नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबलं की वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या महिन्यांत त्याला लोह कमी पडत नाही. पहिल्या तासात अंगावर पाजलं की डबा, बाटली, उकळतं पाणी, जुलाब, सगळंच टळतं.

कमी वजनाच्या बाळासाठी कांगारू पद्धत. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडल्या, एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत होती, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. नाइलाजानं आलेली पद्धत नंतर सरस ठरली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच देशांतली पाच रुग्णालयं होती, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. बाळ स्थिर होईपर्यंत वाट न पाहता जन्मल्याबरोबर छातीशी धरलं तर नवजात मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. निफाडला पारा पाच अंशांखाली जातो त्या आठवड्यात, वीज गेलेल्या वॉर्डात, आईच्या छातीइतकी भरवशाची ऊब दुसरी नाही. पण ही पद्धत अगदीच बिनखर्चाची आहे असं समजू नका. आईला बाळाशेजारी दिवसरात्र राहायला खाट लागते, टेकायला खुर्ची लागते, जेवण लागतं, ती थकली की छातीशी धरायला सासू किंवा नवरा आत येऊ द्यावा लागतो. एवढं न देता नुसतं "कांगारू करा" म्हणणं म्हणजे पुन्हा खिसा बदलणं.

ऑक्सिजनची गोष्ट नाशिककरांना निराळी सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ ला झाकीर हुसेन रुग्णालयाच्या टाकीतून गळती झाली आणि त्या एका दिवशी २२ रुग्ण गेले. गळती, सैल झालेला व्हॉल्व्ह, विनाकारण चालू राहिलेला फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारं यंत्र) रोज तपासणं हे खर्चाच्याही आधी जिवाचं काम आहे. ज्या बाळाला मिनिटाला दोन लिटर पुरतो त्याला पाच लिटर सोडला, तर दिवसाला ४,३२० लिटर जास्त जातो, म्हणजे मोठ्या सिलिंडरचा निम्म्याहून जास्त भाग. आणि तो नुसता वाया जात नाही, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा खराब करतो. म्हणून अशा बाळांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवतात. शंभर दिसलं की आनंद मानायचा नाही, ऑक्सिजनचा प्रवाह थोडा कमी करायचा.

बाकीचं थोडक्यात. दवाखान्यातला बहुतेक कचरा घरच्यासारखाच असतो. वार आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत जायला हवा, पण त्यातच चहाचे कप आणि चपात्या पडल्या, की जिथे विल्हेवाटीचे पैसे वजनावर मोजतात तिथे चपाती जाळायचेही पैसे भरावे लागतात. खाटेजवळ साधा डबा ठेवला की नातेवाईक आपसूक त्यात टाकतात. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाचे २० तास धरले तर २०० पंख्यांमागे रोज १८० युनिट वाचतात.

आणि आता जिथे हात आखडूच नये त्या जागा. बाळंतिणीला ४८ तासांच्या आत घरी पाठवून खाट मोकळी करणं ही काटकसर अजिबात मान्य करू नये. रक्तस्रावाचा सर्वांत मोठा धोका पहिल्या दिवसात असतो, आणि कावीळ, दूध न ओढणं, धाप या गोष्टी बाळात दुसऱ्या दिवशी दिसायला लागतात. गाडीचंही तेच. डिझेल नाही म्हणून १०२ ची मोफत गाडी उभी राहिली, तर पेठहून घाट उतरून-चढून नाशिकला येणारी बाई भाड्याच्या जीपमध्ये येते, आणि ते भाडं कुठल्याच सरकारी हिशेबात दिसत नाही. हातमोजे, सुया आणि साबण यांवर कात्री लावायचा विचार तर कुणाच्या मनातही येऊ नये.

तुमच्या घरी कुणी सरकारी दवाखान्यात बाळंत होणार असेल, तर चिठ्ठी हातात आल्यावर शांतपणे एवढंच विचारा: "सिस्टर, हे जननी शिशुमध्ये बसतं ना? वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारू का?" भांडण नको. पुष्कळदा स्थानिक खरेदीतून तासाभरात सोय होते. आणि सुट्टी घेऊन पायऱ्या उतरण्याआधी बाळाचं कार्ड उघडून तीन नोंदी बघा: बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, हिपॅटायटिस बी. बीसीजीपुढे जागा रिकामी असेल तर परत वर जा आणि व्हायल फोडायला सांगा, बाळ एकटंच असलं तरी.